माहेरपण, सर्व करांसहित

१९ जानेवारी १९९७, रविवार
खोली क्र. ११४, बेलापूरच्या पुढे, खाडीकाठी

चि. जयू,

अनेक आशीर्वाद. ते माझ्या पदरचे आहेत, बाकी इथलं सगळं तुझ्या पैशाचं.

खोलीत फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोन मीना उचलते आणि "ते आंघोळीला गेलेत" म्हणते. काल संध्याकाळी तू दोनदा आंघोळ केलीस. शिवाय फोनवर तू नुसतं "बरं, बरं" करतोस, कागदापुढे ते चालत नाही. कागद-पाकीट इथे फुकट आहे, वर रिसॉर्टचं नाव सोनेरी अक्षरांत. लिहिताना आपण कुणीतरी आहोत असं वाटतं.

काल परळच्या हॉस्पिटलमधून निघालो तेव्हा मी समजत होते की नेरूळला, तुमच्या घरी चाललोय. गाडीत तू उशी ठेवली होतीस, पाण्याची बाटली, मीनानं दिलेली पोळीभाजी. वाशीचा पूल संपला तशी मी पायानं चपला शोधायला लागले. नेरूळचा फाटा आला, मी पदर सावरला. गाडी सरळ पुढे गेली. आरशात बघून तू म्हणालास, "ताई, एक सरप्राईज आहे." टाके असलेल्या बाईला सरप्राईज देऊ नये रे. दचकलं की ओढ बसते.

तर तू सोपवलेलं काम. "ताई, तू चिकित्सक आहेस. दहा दिवस राहा आणि सांग, एवढे पैसे घेतात ते वसूल आहेत का. मेंबरशिप घ्यायची म्हणतोय. वर्षातले सात दिवस, पंचवीस वर्षं." ठीक आहे. कळंबोलीच्या शाळेत इतकी वर्षं सातवीचे पेपर तपासले, त्यात हा एक जास्त.

मी कशात आहे ते मला इथे आल्यावर कळलं. स्वागताच्या टेबलावर प्रिया नावाची मुलगी आहे, इथल्याच गावची. तिनं माझ्या मनगटाला निळी पट्टी बांधली आणि म्हणाली, "मॅडम, तुमी माहेरपन पॅकेजला हाय." मला हसू आलं, पण टाक्यांमुळे अर्ध्यावर थांबवलं. छापील यादी दिलीय. आल्यावर कोकम सरबत, रोज तेलमालिश, "आईच्या हातचं जेवण", दुपारची निवांत झोप, निघताना ओटी. झोपसुद्धा यादीत आहे, म्हणजे तिचेही पैसे लावले असणार.

आईला भेटून आले. ती गढवालची आहे, तिला मिशी आहे आणि डोक्यावर उंच पांढरी टोपी. पिठल्यात साखर घालते. आपली आईही कधी चुकायचीच.

दहा दिवस अठ्ठावीसला संपतात. पुढे मी कुठे जायचं ते तू बोलला नाहीस. कळंबोलीला माझे चार जिने आहेत आणि पाणी खालून भरावं लागतं. सहा आठवडे काही उचलायचं नाही, हे डॉक्टर तुझ्यासमोरच म्हणाले. मला तुमच्या हॉलमधला दिवाण पुरेल. क्षिप्राच्या दहावीच्या अभ्यासात तोंड घालणार नाही. तिच्या शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा काढणार नाही, यावरून माझी गरज ओळख.

तुझी
ताई


२२ जानेवारी, बुधवार

चि. जयू,

काल तुझा फोन आला. "ताई, एंजॉय करतेयस ना?" मी हो म्हटलं. दुसऱ्या उत्तराला त्या प्रश्नात जागाच नव्हती.

अहवाल पुढे. टॉवेलाचा हंस करून रोज पलंगावर ठेवतात. पहिल्या दिवशी मोडवेना, तोंड पदराला पुसलं. आता मानेला धरून उचलते. खिडकीतून खाडी दिसते. ओहोटीला वास येतो, तो कॉम्प्लिमेंटरी. जे कुणी मागितलेलं नसतं त्याला इथे कॉम्प्लिमेंटरी म्हणतात. मालिश मला चालत नाही, म्हणून तिच्या बदल्यात रोज पपई देतात. मालिशवाल्या बाईला मी पपईची किंमत विचारली, तर ती तेलाचा वास बदलून देऊ का म्हणाली.

तलावाकाठी छत्रीखाली बसते. प्रिया चहा घेऊन येते आणि कुणी बघत नसलं की टेकते. मॅडमची मावशी मी तिसऱ्या दिवशी झाले.

"ही पूलची जागा हाय ना मावशी, आमच्या आज्याचं मिठागर व्हतं. तवा पन पानी भरून ठेवायचे, आता पन ठेवतान."

"तेव्हा मीठ निघायचं. आता काय निघतं?"

"आता मानसं वालत घालतान," ती म्हणाली आणि आरामखुर्च्यांवर पसरलेल्या पाहुण्यांकडे हनुवटी केली.

जयू, या पोरीला मी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसवली असती.

एक गोष्ट मात्र चेष्टा सोडून लिहिते. पलंगाशी बटण आहे. दाबलं की दोन मिनिटांत कुणीतरी येतं आणि येणाऱ्याच्या चेहऱ्यावर काहीही नसतं. "आत्ताच तर पाणी दिलं" नसतं. "बिच्चारी" नसतं. परवा माझी चादर खराब झाली. अशा ऑपरेशननंतर होतं तसं. एक बाई आली, चादर बदलली, खिडकी उघडली, गेली. मी तिला सॉरीसुद्धा म्हटलं नाही, आणि त्या दुपारी मला गाढ झोप लागली. घरात आपला कंटाळा आलेला माणूस आपल्याला दिसतो. इथे कंटाळा आलाच तर तो स्वयंपाकघराच्या दारामागे ठेवून मग येतात. हे स्वस्तात मिळण्यासारखं नाही.

आतापर्यंत शंभरात साठ. चाळीस का कापले? मी काल जेवले नाही. ताट उचलताना वेटर म्हणाला, "नो प्रॉब्लेम, मॅडम."

ताई


२५ जानेवारी, शनिवार

चि. जयू,

पंचवीस वर्षांच्या मेंबरशिपबद्दल तू मला सल्ला विचारलास आणि मी त्यावर एकही विनोद केला नाही. तुला तेव्हाच संशय यायला हवा होता.

रिपोर्ट मी वाचलाय. तू कँटीनला गेला होतास तेव्हा. पाकीट फाइलमध्येच होतं. हॉस्पिटलवाले पाकिटाला पिन मारतात. हे डिंकानं चिकटवलेलं होतं आणि कडेनं डिंक बाहेर आला होता. लहानपणी तू पतंग असाच चिकटवायचास. म्हणजे तू आधी पाकीट उघडलंस, रिपोर्ट वाचलास, पाकीट परत चिकटवलंस, आणि मला म्हणालास, "रिपोर्ट यायचाय, ताई." मी म्हटलं, "येईल की." किती जपलं आपण एकमेकांना!

गर्भपिशवी काढली, पण ज्याच्यासाठी काढली ते पिशवीत थांबलं नव्हतं. डॉक्टरांनी तुला बाजूला घेऊन सांगितलं ते सिस्टरनं मला सरळ सांगितलं. दहा फेब्रुवारीपासून पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज परळला किरणं घ्यायची. मग ही दहा दिवसांची मजा कशाबद्दल ते माझ्या लक्षात आलं. फाशीच्या आधी जिलबी विचारतात म्हणे. तू पपई दिलीस.

रागावून लिहीत नाही. हिशेबानंही नाही. फक्त आठवण देते. आई गेल्यावर आपण पनवेलला जाऊन नेरूळच्या घराचं हक्कसोडपत्र केलं. सही माझी, अंगठ्याची शाई माझी, बाहेर आल्यावर उसाचा रस तुझा. रस पिताना तू म्हणालास, "ताई, कागद कागदाच्या जागी. घर तुझंच आहे, कधीही ये." मास्तरीण आहे मी, न वाचता सही करत नाही. त्या कागदात मी मिळकतीवरचा हक्क सोडलाय. माहेर सोडल्याचं कलम त्यात मला सापडलं नाही.

घर नको, खोली नको. पाच आठवड्यांचा मुक्काम मागते आहे. नेरूळहून परळ जमेल, कळंबोलीहून जमणार नाही. उद्या रविवार आणि वर सव्वीस जानेवारी, तुझ्या लोखंडबाजाराला दुहेरी सुट्टी. ये आणि मला घेऊन जा.

तुझी
ताई


२७ जानेवारी, सोमवार

चि. जयू,

काल तू आलास. तलावाकाठी बूट घालून बसलास, दोन कॉफ्या मागवल्यास आणि दोन्ही गार केल्यास. आपण जे बोललो ते मी लिहून ठेवते, कारण उद्यापर्यंत तू त्यातलं निम्मं विसरशील आणि मी उरलेलं.

तू म्हणालास, "ताई, तो दिवाण नाही आता."

"विकलास?"

"भंगारवाल्याला दिला. आई त्याच्यावर गेली. मला हॉलमध्ये बसवत नव्हतं."

"मग मी खाली गादी घालून झोपेन."

"दिवाणाचं नाहीये गं हे!"

"मग कशाचं आहे? मीना नको म्हणते का?"

तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस. "मीनाला मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, म्हणून नाही विचारलं. मला नाही जमणार, ताई. मला. अकरा महिने आईला बघितलं मी. ती ओरडायची ना, तेव्हा मी जिन्यात जाऊन उभा राहायचो. मीना आत आणि मी जिन्यात. तुला काय माहीत? तू रविवारी यायचीस. चार मोसंबी घेऊन यायचीस आणि चारच्या बसनं परत."

मी कॉफीवरची साय चमच्यानं बाजूला केली. तू थांबला नाहीस.

"आणि 'एखादी बाई ठेव, जयू, पैसे टाकले की माणूस मिळतं' हे कोण म्हणालं होतं?"

मी म्हटलं, "आठवत नाही."

खोटं. आठवतं. तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाले होते. मीना आईची चादर भिजवत होती आणि मला बसची घाई होती. माझ्याकडे कारणं होती. शाळा होती, हे नुकतेच गेले होते, घरात एकटी होते. ती कारणं मी इतकी नीट मांडली की तुला पटली. काल तू तुझी मांडलीस. माझ्याइतकी नीट नव्हती, पण मलाही पटली. हीच तर पंचाईत आहे.

म्हणजे हे रिसॉर्ट तू माझ्याच सल्ल्यानं शोधलंस. पैसे टाकलेस, माणसं मिळाली. नुसती मिळाली नाहीत, गणवेशात मिळाली.

तरीही मागते. माझं चुकलं होतं, लेखी देते. पण चुकलेल्या माणसालाही पाठ टेकायला जागा लागते. उद्या बारा वाजता खोली सोडायची आहे. मी पिशवी भरून स्वागताच्या सोफ्यावर बसते. गाडी आत आणू नकोस, फाटकापर्यंत मी चालत येईन.

ताई


२९ जानेवारी, बुधवार
कळंबोली

चि. जयू,

काल साडेअकराला मी सोफ्यावर होते. बाराला प्रिया धावत आली. "मावशी, गुड न्यूज हाय! तुमच्या भावाचा फोन आलेला. पंधरा दिवस एक्स्टेंड केलं त्यांनी. रूम पन तीच."

"मला काही निरोप?"

"बोलले, ताईला सांग, टेन्शन घेऊ नको."

मी तिला म्हटलं, माझं बिल बंद कर, मी निघते. ती घाबरली. "पन पैसे भरलेत ना, मावशी!"

"मग खोलीत त्या हंसाला राहू दे."

ती सोडेना. निघताना ओटी भरायची असते, नाहीतर मॅनेजर ओरडतो, तिला वहीत लिहावं लागतं. ताट आणलं. तांदूळ, नारळ, खण. खणाच्या काठाला रिसॉर्टचं नाव. तिनं कुंकवाला बोट लावलं तेव्हा मी हात धरला. म्हटलं, "अगं, मला नवरा नाही. आणि ज्या पोटाची ओटी भरतेस त्यातली पिशवी या महिन्यातच काढली. कशात भरशील?"

तिला शिकवलेल्या कागदात हे नव्हतं. ती ताट धरून उभी राहिली. सोफ्यावरची दोन माणसं वर्तमानपत्राआडून बघत होती. मग तिनं कुंकू बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "मंग पदरात घ्या. पदर तं हाय ना?"

मी पदर पसरला. उभ्या आयुष्यात कुणापुढे पसरला नव्हता. या दहा दिवसांत दोनदा पसरला, आणि दुसऱ्यांदा त्यात काहीतरी पडलं. नारळ तिलाच दिला, मला वजन उचलायचं नाही.

रिक्षा तिनंच बोलावली. इथे खाली माझ्या समोरच्या खोलीतली, पुतळा नावाची शेजारीण उभी होती. ऑपरेशनच्या दिवशी हिरव्या लुगड्यात बाकावर बसलेली बाई तुला आठवत असेल. तू तिला हॉस्पिटलची आया समजून चहा आणायला सांगितलंस आणि तिनं आणून दिला. तिचा नवरा ट्रकवर असतो. तिनं यार्डातले दोन क्लीनर पकडून आणले, मला खुर्चीत बसवलं आणि चार जिने खुर्चीसकट वर नेलं. गणपती नेतात तसं. तिसऱ्या मजल्यावर मी म्हटलं, "पुतळा, आता उतरायचं कसं?" ती म्हणाली, "ते नंतर बगू. इसर्जनाला लई मान्सं गोळा व्हत्यात, बाई." क्लीनर हसले. मीही हसले, टाक्यांची पर्वा न करता.

मीनाला मी स्वतः फोन करू शकते. ती हो म्हणेल हे तूच सांगून बसलायस. करणार नाही. तिनं एकदा केलंय, आणि तेव्हा मी दारात उभी राहून बस बघत होते. हे पत्र तिला दाखवू नकोस.

आता निकाल. पैसे वसूल आहेत, जयू. मनापासून सांगते. तुला वाटतंय तू माझ्या आरामाचे पैसे दिलेस. तू दिलेस ते आपल्या जिन्यात उभं राहायला लागू नये याचे. त्या मानानं दर कमीच आहे. मेंबरशिप घे. पंचवीस वर्षांत घरात कुणी ना कुणी आजारी पडेलच.

ताई


१२ फेब्रुवारी, बुधवार
कळंबोली

चि. जयू,

तुझं अंतर्देशीय मिळालं. चार ओळी आहेत, त्यातल्या दोन हवामानाच्या. मेंबरशिप घेतलीस, "कुटुंबातील व्यक्ती" या रकान्यात पाचवं नाव माझं घातलंस, "कधीही जा" म्हणतोस. बरं केलंस. रकाना भरलेला बरा दिसतो.

सोमवारपासून किरणं सुरू झाली. एकूण पाच मिनिटं लागतात. जायला-यायला पाच तास. पुतळा बरोबर येते. बसमध्ये ती मला खिडकीशी बसवते आणि स्वतः आडवी बसून कोपरं बाहेर काढते, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. काल एका गृहस्थांनी तक्रार केली. तिनं त्यांना जे सांगितलं ते मी सातवीला शिकवत नाही. जिने उतरताना-चढताना मी थांबते, चढताना जास्त. दुसऱ्या मजल्यावर कुलकर्ण्यांनी माझ्यासाठी स्टूल ठेवलंय. दार मात्र लावून घेतात. ठीक आहे, मीही त्यांच्या जागी लावलं असतं.

पहिल्या दिवशी खिडकीवर फॉर्म भरायचा होता. कारकून बरा होता, चष्म्यावरून बघत एकेक विचारत होता. नाव, वय, पत्ता. मग म्हणाला, "जवळच्या नातेवाइकाचं नाव?"

पुतळा पुढे झाली. "माजं घाला."

"तुमचं नातं काय?"

"शेजारीन."

"शेजारीण नाही चालत हो, मावशी. उद्या काही झालं तर सही करायला, ताब्यात घ्यायला, रक्ताचं माणूस लागतं."

"रगात दिलंय की म्या! मागच्या म्हैन्यात, हितंच. बाटलीभर."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. मागच्या रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. तो हसला नाही. हळूच म्हणाला, "तसलं नव्हे."

पुतळाला ते शेवटपर्यंत पटलं नाही. "दुसरं कसलं असतं?" असं ती बसमध्येही विचारत होती.

मी तुझं नाव सांगितलं. जयप्रकाश, सख्खा भाऊ, नेरूळ. पिनकोड सांगितला, फोन नंबर सांगितला. त्यानं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं आणि विचारलं, "बोलावल्यावर येतील ना?"

पुतळा माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

मी हो म्हटलंय.

तुझी
ताई